साडूची सीट

किन्हवलीला माझ्या घरासमोर रघूशेठची गवताची वखार होती. आमची नाटक मंडळी बंद पडली, माझे गुडघे गेले, आणि मी भावाच्या रिकाम्या घरात येऊन राहिले. जन्मभर लोकांनी मला पाहिलं होतं. आता ओसरीवर खुर्ची टाकून मी लोकांना पाहू लागले. त्या वखारीने मला एक दिवसही कंटाळा येऊ दिला नाही, हे तिचे उपकार.

दिवाळी सरली की डोंगरातलं कापलेलं गवत तिथे यायचं. ते दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि ट्रकवर रचून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. शेठचा ट्रक एकच, एक जुनी टाटा. भरून झाली की गाडी अशी दिसायचीच नाही; गवताची एक टेकडी हळूहळू रस्त्याला लागायची. ती टेकडी रचणारा आणि दोरांनी आवळणारा माणूस म्हणजे गाडीचा क्लीनर, मंगळू.

मंगळू खर्डीकडच्या पाड्यावरचा. बायकोला, सावळीला, आणि पोराबाळांना घेऊन वखारीच्या मागच्या खोलीत राहायचा. अंगाने काटक, बोलायला कमी. पण दोर आवळताना त्याला पाहावं. पाय गाठीवर रोवून, मागे झुकून तो असा ओढ घ्यायचा की मला आमच्या मंडळीतले पडदेवाले आठवायचे. प्रेक्षकांना ते कधी दिसले नाहीत, आणि त्यांच्यावाचून एकही प्रवेश झाला नाही.

त्याला व्हायचं होतं ड्रायव्हर. म्हाताऱ्या वाल्मिक उस्तादाच्या हाताखाली त्याची उमेदवारी चालली होती. रिकामा रस्ता मिळाला की उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचा आणि गिअर चुकला की टपलीत द्यायचा. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेला मंगळू ठाण्याला खेपा घालघालून जड वाहनाचं लायसन घेऊन आला. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवायचा. आंघोळीला जाताना सावळीच्या हातात देऊन जायचा.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत वाल्मिक उस्तादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. संध्याकाळच्या उन्हात त्याला समोरची बैलगाडी दिसेना. "शेठ, आता माझा रामराम," म्हणून त्याने चावी परत दिली. वखारीत कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात ती सीट मंगळूचीच होती. सावळीला तर आनंद आवरला नाही. भाऊबीजेला माहेरी गेली तेव्हा धाकट्या बहिणीला, रुपाला, सांगून आली, "आमच्या शेठची सीट रिकामी झालीय गो. आता आमच्या घरात ड्रायव्हर होनार."

इकडे मंगळू शेठसमोर उभा राहिला. वखारीतलं बोलणं माझ्या ओसरीवर पहिल्या रांगेत बसल्यासारखं ऐकू यायचं.

"शेठ, लायसन हाय माझं."

"ठाव हाय रे."

"मंग चावी?"

रघूशेठ वाईट माणूस नव्हता. पानाला चुना लावता लावता तो अगदी खरं तेच बोलला. "मंगळू, तू सीटवर बसलास तर गाडी कोण बांधील? ड्रायव्हर मला दहा मिळतील. तुझ्यासारखा क्लीनर मला एक तरी दाखव."

कौतुकच होतं ते. रंगभूमीवर मी पुष्कळ कौतुक ऐकलं, पण इतकं निर्दय कौतुक दुसरं ऐकल्याचं आठवत नाही.

आणि शेठने ड्रायव्हर आणला तो कोण? जगदीश. रुपाचा नवरा, म्हणजे मंगळूचा सख्खा धाकटा साडू. तो भातसानगरच्या धरण वसाहतीत साहेबाची जीप रोजंदारीवर चालवायचा. ते काम सुटलं होतं. बायकोच्या तोंडून सीट रिकामी झाल्याचं त्याला कळलं. मंगळूला ती नाकारली गेली, हेही आठ दिवसांत कळलं. तो येऊन शेठला भेटला, गाडी मागेपुढे करून दाखवली आणि चावी घेऊन बाहेर पडला.

त्यात त्याचं काही चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. घरी तान्ही मुलगी होती. पण मोठ्या साडूचा एक मान असतो. लग्नकार्यात धाकटा त्याच्या पुढे बसत नाही. आता मोठा साडू फडकं घेऊन काच पुसू लागला आणि धाकटा चावी फिरवत सीटवर चढू लागला.

जगदीश देखणा होता. काळा चष्मा, पुढे वळवलेले केस. मंगळूला तो "दादा" म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. "दादा, चाकात हवा बघा ना जरा." "दादा, पाणी भरलं का?"

"शिवी तरी द्यावी ना त्यानं," मंगळू माझ्या ओसरीवर चहा पिताना म्हणाला. "दादा बोलतो नि काम सांगतो. माझ्या पोटात कायतरी चावतंय, मावशी."

"साखर वाढवू का चहात?"

"साखरेनं जायाचं नाय ते."

आम्ही रंगमंचावर मत्सर दाखवायचो तेव्हा भुवई चढायची, मूठ वळायची, तबलजी ठेका द्यायचा. मंगळूचा मत्सर मुका होता. हमालांनी जगदीशला "उस्ताद" अशी हाक मारली की हा पक्का बांधलेला दोर सोडून पुन्हा बांधायला घ्यायचा. जगदीशने नवी चप्पल घेतली तर त्याला दिवसभर चप्पलच दिसायची. आणि ज्या दिवशी जगदीशकडून वळण चुकायचं त्या दिवशी मंगळू एक भाकरी जास्त खायचा. हे सावळीने मला कपाळाला हात लावून सांगितलं.

वळणं चुकायचीच. जीप वेगळी आणि गवताची गाडी वेगळी. गवत दोन्ही बाजूंना इतकं बाहेर आलेलं असतं की आरशात दुसरं काही दिसत नाही. म्हणून अवघड जागी क्लीनर दाराला लटकून मागे पाहतो आणि पत्र्यावर तळहाताने थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. ड्रायव्हरचे डोळे त्या वेळी क्लीनरच्या हातात असतात.

शहापूरच्या वाटेवर एक अरुंद पूल होता. एकदा पुलावर गाडीचा मागचा भाग कठड्याकडे सरकत होता. मंगळूला दिसत होतं. त्याने हात उचलला आणि हात तसाच राहिला. समोर सीटवर जगदीश, काळा चष्मा, एका हातात स्टिअरिंग. मंगळू मला नंतर म्हणाला, "जरा घासू दे, असं मनात आलं. शेठनं बघू दे कसला ड्रायव्हर आणलाय." मग थाप पडली. जगदीशने करकचून ब्रेक मारला. गवत कठड्याला चाटून थांबलं.

"मारलीस ना थाप," मी म्हटलं.

"गाडीसाठी मारली. त्याच्यासाठी नाय."

पौषात, म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत, दोन्ही जावई सासुरवाडीला गेले. सासूबाई जनाबाई सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात राहायच्या. त्यांनी कोंबडा कापला होता. पानं मांडली आणि जनाबाई म्हणाल्या, "जगदीश, बस रे पहिल्या पानावर. गाडी चालवून दमला असशील."

सावळी म्हणाली, "आये, हे बी गाडीवरच असतात की."

"बाजूला बसणाऱ्याला कसलं गो दमणं?"

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. जनाबाईंच्या मनात काही नव्हतं. पण जगदीशच्या पानात काळीज आणि तंगडी पडली, आणि मंगळूच्या पानात मान. रस्सा वाढायला आल्या तेव्हा जगदीश म्हणाला, "आई, दादांना आधी वाढा." ते वाक्य ऐकून मंगळूने उचललेला घास पानात परत ठेवला. दिलेला मान त्याला सोसला असता. साडूने देववलेला सोसला नाही.

तिथून तो घरी आला नाही. सावळीला एसटीत बसवून दिली आणि टोकावड्याकडच्या रानात बारकू भगताकडे गेला. बारकू भगत झाडपाल्याचं औषध द्यायचा, सापाचं विष उतरवायचा, आणि अडल्यानडल्याचं बाकीचंही काही बघायचा.

"काय व्हायला पायजे?" भगताने विचारलं.

"साडू सीटवरनं उठला पायजे."

"उठला म्हंजे? हातपाय मोडून?"

"नाय नाय! पोरगी लहान हाय त्याची. कुठं लागाया नको, खरचटाया बी नको. फक्त सीट सोडली पायजे."

भगत त्याच्याकडे बघतच राहिला. "एवढं मापून मागणारा तू पहिलाच आलास," तो म्हणाला. मग त्याने एक लिंबू मंतरलं, बिब्याबरोबर काळ्या फडक्यात बांधलं, जगदीशचं नाव घेतलं आणि पुरचुंडी मंगळूच्या हातावर ठेवली. "तो बसतो त्या सीटखाली ठेव."

मंगळूने ती सीटखाली, जॅकच्या पेटीमागच्या फटीत सारली. गाडीची केबिन तो रोज झाडायचा. त्या कोपऱ्यात मात्र केरसुणी जाईनाशी झाली.

शिमगा आला. एक दिवस जगदीश पेढ्यांचा पुडा घेऊन वखारीत शिरला. मुरबाडच्या एका कारखान्यात त्याला ड्रायव्हरची नोकरी लागली होती. कायम. गणवेश, आठवड्याची सुट्टी, आजारी पडला तर दवाखाना. मुरबाडला खोलीही घेतली होती. सगळ्यात आधी त्याने मंगळूच्या तोंडात पेढा घातला आणि वाकून पाया पडला.

"कसा होता पेढा?" मी नंतर विचारलं.

"चांगला होता," मंगळू म्हणाला. "चांगल्या दुकानातला होता." त्याचंच त्याला जास्त लागलं होतं. पाय ओढत तो थोडा पुढे गेला, परत आला आणि म्हणाला, "मी उठवा बोललेलो, मावशी. माडीवर बसवा नव्हतं बोललो."

मला तेव्हा या बोलण्याचा अर्थ लागला नाही. तो दुसऱ्या दिवशी लागला.

रघूशेठने मंगळूला बोलावलं. "बाहेरचे ड्रायव्हर येतात नि जातात. तू राहशील. बांधायचं कुणालातरी शिकव, आणि ही घे," असं म्हणून सगळ्यांसमोर चावी त्याच्या हातावर ठेवली. "परवा सकाळी माल जायचाय."

हमालांनी शिट्ट्या मारल्या. सावळी पदर खोचून खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मंगळू गाडीपाशी गेला. एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला, अंग वर घेतलं, आणि तसाच थांबला. मान वाकवून त्याने सीटखाली पाहिलं. तो खाली उतरला. शेठच्या हातात चावी परत दिली.

"उद्या सांगतो, शेठ."

"उद्या काय सांगतोस? मुहूर्त बघतोस काय?"

"उद्या सांगतो."

"बघ बाबा. परवा सकाळपर्यंत वाट बघीन. नाय तर पडघ्याचा एक जण मागं लागलाय माझ्या."

सावळी त्याला काय काय बोलली ते मी लिहीत नाही. जगात नवरा बायकोचं ऐकून घेतो ते एवढ्यासाठी, की खरं सांगण्यापेक्षा ते सोपं असतं. खरं त्याने मला सांगितलं. ओसरीच्या पायरीवर बसून, सासुरवाडीच्या पंगतीपासून पुरचुंडीपर्यंत सगळं.

"मग काढ की ते लिंबू आणि दे फेकून," मी म्हटलं.

"माझ्याच हातानं ठेवलंय. माझ्याच हातानं कसं काढू? नि तसाच बसलो तर मीच उठनार. उठवायचं विचारलं, मावशी. बसायचं विचारायचं राहिलं."

मी हसले नाही. मंडळीत असताना पहिल्या अंकाआधी नारळ फुटला नाही तर मी पडद्याबाहेर पाऊल टाकत नसे. ज्याला त्याला आपापली भीती खरी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पुन्हा बारकू भगताकडे गेला. भगताने सगळं ऐकलं आणि मान हलवली. ज्याच्या नावाने ठेवलंय त्यानेच आपल्या हाताने, आपखुशीने काढलं तर सीट मोकळी होईल. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

टोकावड्याहून मुरबाडला यायला एसटी होती. जगदीशच्या खोलीपर्यंत जायला मात्र मंगळूला फार वेळ लागला. तो आधी स्टँडवर बसला, मग देवळात बसला, मग गेला. खोलीत ट्यूबलाइट होती, डोक्यावर पंखा होता, खुंटीला इस्त्री केलेला गणवेश होता. मंगळूला बसायला जागा मिळाली ती नेमकी त्या गणवेशाखाली.

"दादा, न कळवता आलात! रुपा, चहा टाक गो."

"जगदीश, तुला वखारीत यावं लागेल."

"का? शेठ कायतरी बोलले?"

"नाय. तुझं एक राहिलंय गाडीत."

"माझं? मी तर टॉवेलसुद्धा आणला."

मंगळूने भिंतीकडे बघत, एका दमात सगळं सांगून टाकलं. भगत, लिंबू, जॅकची पेटी. चहाचा कप घेऊन आलेली रुपा मध्येच उभी राहिली.

"दाजी! पोरगी किती दिवस खोकत होती माझी! मी बोलायची यांच्या कपड्यांवरची गवताची धूळ लागली. तुमी केलंत ते?"

"पोरीचं नाय गो. फक्त सीट. मी भगताला बोललेलो, खरचटाया बी नको."

"लाज नाय वाटत वर तोंड करून सांगायला?"

"वाटते," मंगळू म्हणाला.

जगदीशने चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला. घरातही लावायचा तो. "मी हात घातला तर मला काय होईल?" त्याने विचारलं.

"भगत बोलला, काय नाय होनार."

"त्याला काय जातंय बोलायला. हात माझा जानार."

"तुमी जायचंच नाय!" रुपा म्हणाली. "सुटलात ना तिकडनं? यांचं यांना निस्तरू दे."

मग जगदीश म्हणाला, "दादा, त्या पुलावर तुमी थाप उशिरा मारलीत. मला समजलं होतं."

मंगळूची मान खाली गेली.

"पण मारलीत," जगदीश म्हणाला. "रुपा, दादांचं अंथरूण टाक. पहिल्या गाडीनं जाऊ. दुपारी मला कामावर पोचायला पायजे."

सकाळी वखारीत गाठी रचून झाल्या होत्या, दोर बांधायचे बाकी होते. रघूशेठ घड्याळ बघत होता. फाट्यावरून दोघे साडू चालत आले; एक चुरगळलेल्या शर्टात, दुसरा निळ्या कडक गणवेशात. सगळी वखार जगदीशकडे बघायला लागली. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. रंगमंचावर प्रवेश घ्यावा तर असा.

जगदीश सरळ गाडीवर चढला. सीटखाली वाकला. हात आत घालण्याआधी त्याने डोळे मिटले, ओठ हलले. मग हात घातला आणि काळी पुरचुंडी बाहेर आली.

"काय रे ते?" शेठने विचारलं.

हमाल थांबले. सावळीने तोंडाला पदर लावला. मंगळू गाडीच्या पुढे खांबासारखा उभा होता. एका शब्दाने त्याची सीट, वखारीतली खोली, नातं, सगळं गेलं असतं, आणि तो शब्द बोलायचा पूर्ण हक्क जगदीशला होता.

"माझंच हाय, शेठ," जगदीश म्हणाला. "आईनं बांधून दिलेलं, नजर लागू नये म्हणून. विसरलो होतो." त्याने ती पुरचुंडी गणवेशाच्या खिशात टाकली, खाली उतरला आणि दार धरून उभा राहिला. "बसा, दादा."

मंगळू लगेच बसला नाही. आधी त्याने गाडीला वेढा घालून सगळे दोर स्वतः आवळले. मग बसला. इंजिन सुरू झालं, गवताची टेकडी हलली आणि शहापूरच्या रस्त्याला लागली. मी ओसरीवरून टाळ्या वाजवल्या. कितीतरी वर्षांनी वाजवल्या, त्याही दुसऱ्यासाठी.

मुंबईहून गाडी रिकामी करून तो आला आणि हातपाय धुऊन माझ्याकडे चहाला बसला. मला वाटलं, आता माणूस फुलून सांगेल. हायवे, तबेले, रहदारी.

"कशी झाली खेप?"

"गाडी बरी चालली."

"आणि तू?"

तो बशीत चहा ओतून बघत राहिला. "मावशी, त्यानं शेठला खरं सांगायला पायजे होतं. चार माणसांत दोन शिव्या द्यायच्या. मी मार खाल्ला असता, सीट गेली असती, पण आमी बरोबर झालो असतो. आता क्लच दाबला की कानात 'बसा, दादा' ऐकू येतं. ड्रायव्हर मी झालो नि मोठा तोच झाला, गो."

माणसाचा चांगुलपणासुद्धा दुसऱ्याला असा टोचतो, हे मी चाळीस वर्षं लोकांना नाटकात दाखवलं, पण त्यावर उतारा कुठल्याच लेखकाने मला लिहून दिला नव्हता. मी कपात आणखी चहा ओतला.

तो प्यायला, उठला, लायसन खिशात आहे ना ते चाचपलं. पायरी उतरता उतरता थांबला.

"जगदीशच्या कंपनीच्या गाड्यांत टेप असतो म्हणे, गाणी ऐकायला," तो म्हणाला. "खरं काय गो, मावशी?"